कुंकवाने मुकी झालेली पेटी

मी एक जुनी पिनबॉलची पेटी आहे. मित्रांनो, गोडगोड बोलणे मला जमत नाही. माझ्या पोटात पडदाबिडदा काही नाही. तारेची वेटोळी, पितळी पट्ट्या आणि घंटा आहेत. तिरप्या फळीवरून पोलादी गोळी घरंगळते, तुम्ही बटण दाबता, पाते तिला वर हाणते. ती आदळली की आत पट्टीला पट्टी चिकटते, घंटा वाजते, गुणांचे चाक खटकन फिरते. कुणी मला गदागदा हलवले तर मी खेळच बंद करते. लबाडी मला चालत नाही.

साकोलीच्या सेवकरामने मला कोलकात्याच्या एका बंद क्लबातून आणले. दिवाळीनंतर आंबागडला, नाकाडोंगरीला मंडई, म्हणजे गावजत्रा, भरे. तिथे दंडारीचे लोकनाट्य बघायला आलेली माणसे आधी माझ्यापाशी थांबत. सेवकराम वारला आणि त्याची बायको सुमित्राबाई मला फिरवू लागली.

दसऱ्याला ती माझे झाकण उघडून आत हळद-कुंकू वाही, वर नारळाचे पाणी शिंपडी. आधी एक घंटा गेली, मग दुसरी. गेल्या दसऱ्याला मी पार मुकी झाले.

तिचा मुलगा भूपेंद्र चिडला. "माय, मंडईच्या आत वाजली त ठीक, नाई त भंगारात देतो. कायले वागवून राहिली हे धूड?"

"तुह्या बापानं आणली हाय. तू काय आणलं रे, मोबाइल?"

एवढे बोलून तिने काय केले? माझ्यावर आणखी एक नारळ फोडला!

मी वाजलेच नाही. शेवटी भूपेंद्रने तांब्याची तार काढायला मला खोलले. त्याची बोटे लाल झाली.

"माय, पूजा केली का मसाला लावला वो?"

ती ओशाळली. "देवाले चालते, मले वाटलं हिलेबी चालंल."

तो हसला आणि पट्टीला पट्टी टेकू न देणारा कुंकवाचा राप खरवडत बसला. मग गोळी सोडून बटण दाबले. टण्ण!

"वाजली रे बाप्पा!" सुमित्राबाई ओरडली. त्या वर्षी मी नाकाडोंगरीला गेले, भंगारात नाही.

यंदा दसऱ्याला ती ताट घेऊन आली, झाकणापाशी थबकली, खाली वाकली आणि माझ्या लाकडी पायाला कुंकू लावले.

मित्रांनो, तुम्हीही शिलाई मशीनला, पंपाला हार घालता आणि वर्षभर ढुंकून बघत नाही. स्पष्ट सांगते, ही भक्ती नाही, आळस आहे. टिळा पायाला लावा. आत फक्त कोरडे फडके येऊ द्या.