अहो बाबा, ए बाबा

सतरा वर्षांची होईपर्यंत मी वडिलांना एकदाही ‘तू’ म्हटलं नव्हतं. मी ‘अहो बाबा’ म्हणायचे आणि माझ्यामागून चार वर्षांनी आलेली टिकली ‘ए बाबा’. मला आईनं वळण लावलं. टिकलीच्या वेळेपर्यंत ती वळण लावून दमली असावी.

बाबा चष्मे बनवायचे. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. मागच्या भिंतीलगत काच घासायचं चाक होतं. त्यावर थेंब थेंब पाणी पडत राहायचं आणि काच फ्रेममध्ये बसेपर्यंत बाबा तिची कड घासत असायचे. तेरा वर्षांची असताना मी विचारलं होतं, "अहो बाबा, मी करून पाहू?"

"बोटं जातील," ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

या सुट्टीत टिकली तेरा वर्षांची झाली. एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ती चाकापाशी स्टुलावर बसलेली आणि बाबांचे हात तिच्या हातांवर.

"ए बाबा, सरक ना, दिसत नाहीये मला."

"सरकतो हो, महाराणी." आणि ते खरंच सरकले. "ताई, चहा तिथं ठेव."

तेही मला ताईच म्हणत, जणू मी त्यांचीसुद्धा थोरली बहीण होते. त्या आठवड्यात ते सहा वेळा मोठ्यानं हसले. सहाही वेळा तिच्याशी. मी मोजलं होतं.

शनिवारी बाबा फ्रेमा आणायला बाजारात गेले. ट्रेमध्ये ग्रंथपाल बाईंचा चष्मा होता. एक काच बसवलेली, दुसरी बाकी, संध्याकाळी द्यायचा. टिकलीपेक्षा मला जास्त येतं, एवढंच मला दाखवायचं होतं. दारात उभी राहून चार वर्षं मी बाबांचे हात पाहिले होते. मी चाक सुरू केलं.

काच जवळजवळ बसली. मग खात्री म्हणून आणखी थोडी घासली. ती फ्रेममधून आरपार निघून टेबलावर पडली.

बाबांनी आल्याआल्या ती मोजली. "पाऊण मिलिमीटर लहान! काच घासून कमी होते, वाढत नाही! मधे मधे फ्रेमला लावून बघता येत नाही? कुणाला विचारून बसलीस?"

"तू टिकलीला शिकवतोस, मग मला का नाही?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. जीभ चावावी असं वाटलं, पण चावली नाही.

"तू एकदाच विचारलंस," बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणालात."

"मग? टिकलीला मी वीस वेळा नाही म्हटलंय." त्यांनी खणातून दुसरी काच काढली. "या नंबरची ही शेवटची. बस."

त्यांनी माझे हात धरले नाहीत. मागे उभे राहून तासभर ओरडत मात्र होते. "अंगठा! खांदा पाड! घाई कसली? लाव फ्रेमला! परत लाव!" माझा घाम चाकावरच्या पाण्यात मिसळत होता. शेवटी काच टक्‌ करून बसली.

टिकली दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"ए बाबा, मला कधी असं नाही ओरडलास."

"तुझ्या काचा भंगारातल्या असतात गं," फ्रेम उजेडात धरत बाबा म्हणाले. "त्या फुटल्या काय नि राहिल्या काय."

टिकलीचा चेहरा उतरला. तो चेहरा मला आतून पाठ होता. तिची कीव यायला हवी होती. पण मला बरं वाटलं, इतकं बरं की ते तोंडावर दिसू नये म्हणून मी फ्रेम त्यांच्या हातातून घेतली आणि काच पुसत बसले.

"आता पुसून झिजवशील," बाबा म्हणाले. "दे इकडे. आणि उद्या आठला बस."