एका वेळी एकानेच वाचावे

आक्का गेल्यापासून धाकटी दोन खोल्यांत एकटीच राहत होती. म्हणूनच टॅबवरचा एक शब्द तिने तोंड उघडण्याआधीच हिरवा झाला, तेव्हा खरं तर तिने घाबरायला हवं होतं. तिला बरं वाटलं.

हॉस्पिटलात सगळे तिला मावशी म्हणत. जिने पुसता पुसता गुडघे कामातून गेले होते, आणि आता तळमजल्यावर चादरींच्या खिडकीवरची खुर्ची रिकामी होणार होती. बसून करायचं काम. पण प्रत्येक गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचून तो ज्या त्या वॉर्डात धाडायचा. म्हणून या वयात ती वाचन शिकायच्या वर्गाला जाऊ लागली. वर्गाच्या बाईंनी टॅब घरी नेऊ दिला होता. पडद्यावर उतारा येई, तो मोठ्याने वाचायचा. यंत्र ऐकत राही. शब्द बरोबर आला की हिरवा, चुकला की लाल. त्या खुर्चीसाठीची परीक्षाही अशीच व्हायची होती.

"मावशी, घरचं वाचन सगळं हिरवं! आणि इथे वर्गात बघावं तर रक्तबंबाळ," बाई म्हणाल्या. "घरी कोण सांगतं हो तुम्हाला?"

"कोण सांगणार? बहीण होती, ती गेली."

"मग यंत्राला तुमचा लळा लागलाय म्हणायचं!"

धाकटी हसली. कोण सांगतं ते तिला ठाऊक होतं. घरात शाळा एकटीच्या वाट्याला आली, ती आक्काच्या. औषधाची बाटली असो की दारावरची पाटी, धाकटीने अक्षर जुळवायला घेतलं की आक्काचा हात पुढे यायचा. "दे इकडे. तुझं होईस्तोवर दिवस मावळेल." त्या हातात माया होती आणि घाईही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी धाकटीने टॅब मांडीवर घेतला. 'निर्जंतुक' या शब्दापाशी ती थांबली आणि तिने मुद्दाम ओठ घट्ट मिटून घेतले. शब्द हिरवा झाला. त्यापुढचाही झाला. अंधाऱ्या वाटेने कुणी पुढे होऊन दिवे लावत जावं, तशी ओळ उजळत गेली. मग एकाएकी पडदा थबकला आणि चौकटीत काही अक्षरं उमटली.

सवयीने धाकटी वाट पाहत राहिली. कुणी वाचून दाखवलं नाही. शेवटी तिने स्वतःच बोट ठेवलं, अक्षराला अक्षर जोडत गेली. "दोन... आवाज... ऐकू येत आहेत. एका वेळी... एकानेच वाचावे."



"आक्का," ती हळूच म्हणाली, "अगं, यंत्रालासुद्धा कळलं."

समोरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. तरी तिकडे बघायचा तिला धीर होईना.

"उद्या तू सांगशील आणि मी पास होईन. पण नंतर? मुलांच्या वॉर्डाचा गठ्ठा मी भलतीकडे धाडला, तर खिडकीवर येऊन बसणार आहेस का तू?" तिने पडद्यावरची चौकट बोटाने मिटवली. "आयुष्यभर वाचलंस माझ्यासाठी. आता गप्प बस. मला अडू दे."

तिने उतारा पहिल्यापासून काढला. "नि... निर... निर्जत..." लाल. पुन्हा लाल. ती थांबून राहिली. शब्द आपणहून हिरवा होईना. आक्काला नेलं त्या दिवशीही खोली इतकी रिकामी वाटली नव्हती.

"आक्का?"

यंत्राने तेही वाचनच समजून शब्द लाल केला.

धाकटीने पदराने चष्मा पुसला, डोळे पुसले, आणि 'नि'वर पुन्हा बोट ठेवलं.