वय वर्षे अठ्ठावीस

"असे आकडे येतातच कसे?" विश्वंभर सरांनी जर्नल टेबलावर आपटलं. "आणि हे पिवळे डाग कसले?"

"हळदीचे आहेत, सर," ज्योती म्हणाली. "बाळापूरच्या बाजारात बायका हळद विकायला बसल्या होत्या. त्यांच्याच हातचे."

दाराशी फडकं घेऊन उभ्या असलेल्या सोजराबाईचा हात जागीच थांबला. ज्योती तिची लेक. कळमनुरीच्या या कॉलेजात, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सोजराबाई एकोणीस वर्षं मदतनीस होती आणि त्याच खोलीत लेक मानसशास्त्राच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. बारा प्रयोग करायचे, खऱ्या माणसांवर करायचे, ते जर्नलमध्ये उतरवायचे आणि त्यावर विभागप्रमुखांची, म्हणजे विश्वंभर सरांची, सही घ्यायची. सही नसेल तर आज दुपारी बाहेरच्या परीक्षक घेणार होत्या त्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं आणि प्रात्यक्षिक बुडालं की पदवीचं वर्ष बुडालं.

पोरीने नियम मनापासून पाळला होता. बाजाराच्या दिवशी आरशाचं यंत्र पिशवीत घालून ती आखाडा बाळापूर गाठायची. यंत्र कसलं, एक आरसा आणि एक आडोसा. आपला हात आडोशामागे, दिसतो तो फक्त आरशात. तसंच बघत कागदावरच्या चांदणीच्या रेघेवरून पेन्सिल फिरवायची. हात हमखास भलतीकडे पळतो. दहा वेळा केलं की चुका कमी होत जातात, असं पुस्तक सांगतं. पण बाजारातली माणसं पुस्तक वाचून थोडीच आली होती! एकीच्या चुका सातव्या खेपेला वाढल्या, कारण मध्येच गिऱ्हाईक आलं. एक आजोबा अर्ध्यावर उठले, कारण एसटी सुटत होती. ज्योतीने तेही लिहून ठेवलं.

"सरावाने चुका कमी झाल्याच पाहिजेत," सर म्हणाले. "मागचं एखादं जर्नल घे आणि त्यावरून लिहून काढ. बारापर्यंत वेळ आहे. सगळे तेच करतात."

"पण सर, ते खोटं होईल."

"मला शिकवू नकोस. सोजराबाई, कपाटातलं एक काढून द्या हिला."

सोजराबाईने कुलूप काढलं. हे कपाट तिने हजारदा पुसलं होतं, पण आतलं वाचायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. जुनी पाच-सहा जर्नलं तिने काढली आणि चांगलंसं बघून द्यावं म्हणून वरचं उघडलं. चौथीपर्यंत शाळा झाली होती, अक्षर लागत होतं. 'प्रयुक्त, म्हणजे ज्यावर प्रयोग केला ती व्यक्ती : सोजराबाई. वय : २८. शिक्षण : चौथी. एकूण चुका : ४२.'

तिने दुसरं उघडलं. सोजराबाई, अठ्ठावीस, बेचाळीस. तिसरं, चौथं, तेच.

नोकरीला लागली त्या वर्षी एका पोरीने तिला खरंच आरशापुढे बसवलं होतं. त्यानंतर कुणीही नाही. तिच्या नावावर एकोणीस वर्षं पोरं पास होत आली, नोकऱ्यांना लागली आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"सर, माझं वय काय हो?"

"आता हे काय मध्येच?"

"न्हाई, इचारून राहिले. माझे केस पिकले, लेकरू एकवीसचं झालं, अन् मी अजून अठ्ठावीसचीच? चुका बी बेचाळीसच, एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई?" तिने जर्नलं त्यांच्यापुढे ठेवली. "मला एका शब्दानं कुणी इचारलं न्हाई. ह्यांच्यावर तुमच्या सह्या हायत. अन् जी पोरगी उन्हात बसून माणसामाणसाला इचारून आली, तिचंच तेवढं खोटं काहून?"

"बाई, हे कागदोपत्री असतं. तुम्हाला यातलं काय कळतं?"

"कळत न्हाई म्हणून तर इचारून राहिले. तुमी सांगत नसाल तर परीक्षक बाईंना इचारते. येतीलच आता."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं. "ती आधी कपाटात ठेवा. मी सही करतो."

"तसं न्हाई, सर. सही तिच्या कामावर करा. माझं तोंड बंद करायला नको."

जर्नलं टेबलावरच राहिली. सरांनी मान खाली घालून, हळदीच्या डागाशेजारी सही केली.

बाराला परीक्षक बाई आल्या. ज्योतीच्या वाट्याला नेमका आरशाचाच प्रयोग आला. "प्रयुक्त कोण आहे?" त्यांनी विचारलं. ज्योतीने आईकडे पाहिलं. फडकं खुंटीला अडकवून, पदराला हात पुसून सोजराबाई खुर्चीवर बसली. जे यंत्र ती रोज पुसत आली, त्याच्यापुढे ती आयुष्यात दुसऱ्यांदा बसत होती.

"नाव?" ज्योतीने विचारलं.

"सोजराबाई."

"वय?"

"सत्तेचाळीस."

सर खिडकीबाहेर बघत होते. पेन्सिल चांदणी सोडून पळत होती, सोजराबाई तिला ओढून आणत होती. दहाव्या खेपेलाही चुका काही कमी झाल्या नाहीत. ज्योतीने सगळ्या खेपांच्या मिळून मोजल्या, पुन्हा मोजल्या. त्रेसष्ट. लिहिताना तिचं पेन अडलं.

"लिही," सोजराबाई म्हणाली. "जेवढ्या झाल्या तेवढ्या बराबर लिही. माझ्या हायत त्या."