पंचेचाळीस सेकंदांची फेरी

ओपलने माझ्या हातातली भाजलेल्या शेंगांची पुडी घेतली आणि मचाणाच्या कठड्यावरून सरळ खाली टाकून दिली.

"अगं, वेड लागलंय का तुला? शर्यतीच्या आवारात शेंगा? हार्लनने पाहिलं असतं तर गाडी परत ट्रकवर चढवून घरी नेली असती."

"भूक लागली होती," मी म्हटलं.

"मग कोंबडी खा. डब्यात आहे. शेंगेचं एक टरफल जरी गाडीपाशी सापडलं तरी माणूस भिंतीवर जाऊन आदळतो म्हणतात. मला नाही खरं वाटत. पण ते तुझ्या पायाखालचं टाकलंस का?"

मी पायाखालचं टरफलही टाकलं. मी रसायनशास्त्र शिकले होते आणि टोमॅटोच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर आम्लता मोजत होते. टरफलांनी गाड्या आदळत नाहीत हे मला ठाऊक होतं. पण मचाणावरचा माझा तो पहिलाच दिवस होता आणि ओपल टॅकेटचं एकोणिसावं वर्ष.

१९६४ सालचा जून. कॅलिफोर्नियातल्या अल्टा मेसाच्या पिवळ्या पडलेल्या टेकड्या. त्या काळी प्रत्येक गाडीच्या फेऱ्या मोजायला एक माणूस बसवत, आणि ते माणूस म्हणजे बहुधा ड्रायव्हरची बायकोच असे. समोर हातभर आकड्यांचं घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळातली वेळ तक्त्यातल्या पुढच्या चौकोनात लिहायची. ऐंशी फेऱ्या, ऐंशी चौकोन. हळू बोललेलं चालत असे. उभं राहायला, ओरडायला आणि शेजारणीच्या तक्त्यात डोकावायला बंदी होती.

व्हर्नची, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोजणी आजवर त्याची बहीण करायची. तिला तीन आठवड्यांपूर्वी मूल झालं. "घरात आकड्यांची बाई असताना बाहेरून कशाला आणायची?" असं म्हणून व्हर्नने मला पेन्सिल दिली. मला राग आला नाही. उलट मनातून अभिमानच वाटला. आकडे लिहिण्यात मी चुकणं शक्य नाही, असं मी समजत होते.

एकतीस गाड्या सुटल्या तेव्हा मचाण थरथरायला लागलं. गाड्या समोरून गेल्या, टेकडीच्या खांद्यावर चढल्या आणि दिसेनाशा झाल्या. आवाजही मावळला. एरवीच्या अंडाकृती पट्ट्यांवर गाडी कायम डोळ्यांसमोर असते. इथे रस्ता टेकड्यांमागून नागमोडी फिरून यायचा, आणि समोरच्या सरळ तुकड्याखेरीज आम्हाला काही दिसत नव्हतं.

"गेला," ओपल पुटपुटली. मग डोळे मिटून म्हणाली, "आता हेंड्रिक्सचं फाटक. आता ओढ्यावरचा पूल. इथे सावकाश रे बाबा, इथे त्यांचा म्हातारा कुत्रा रस्त्यातच झोपतो."

"इथे कुत्रा आहे?"

"इथे कुठला! आमच्या दुधाच्या वाटेवर. वळणं अगदी तशीच आहेत. काल मी त्याच्याबरोबर चालत बघून आले."

ओपलचा नवरा हार्लन टॅकेट वीस वर्षं डोंगरातल्या गोठ्यांवरून दुधाचा टँकर आणत होता. शर्यतींत तो आजवर सातव्याच्या पुढे कधी आला नव्हता. लोक त्याला भित्रा म्हणत.

"भित्रा नाही तो," ओपल म्हणाली. "अर्धी भरलेली टाकी वळणावर नेऊन बघा म्हणावं. दूध एका अंगाला धावतं, आणि गाडी सरळ झाली तरी परत येताना धक्का मारतं. ब्रेक दाबला की मागून लाथ. म्हणून हा ब्रेक दाबतच नाही. आधीच सोडून देतो, हळूच. वीस वर्षांत दुधाचं लोणी केलं नाही त्याने. आला!"

टेकडीच्या दुसऱ्या बाजूने गाड्या उतरल्या. एक मिनिट बावन्न सेकंद. पहिला व्हर्न होता. मी लिहिलं. हार्लनची अठ्ठावन्न नंबरची निळी गाडी अकरावी होती. ओपलने लिहिलं.

बाकीचे ड्रायव्हर अंडाकृती पट्ट्यांवर जन्मभर डावीकडेच वळलेले होते. दहाव्या फेरीपर्यंत त्यांतले चार जण उजव्या वळणावर वाळक्या गवतात शिरले होते. पंचविसाव्या फेरीपर्यंत ब्रेक जळाल्याचा वास मचाणापर्यंत यायला लागला. हार्लन काहीच विशेष करत नव्हता. एकेक गाडी खोळंबत होती आणि तो तिच्या पुढे जात होता. चाळिसाव्या फेरीला तो दुसरा होता, व्हर्नच्या अर्धा मिनिट मागे.

"ओपल, बघताय ना?"

"मी घड्याळ बघतेय. तूही तेच बघ, पोरी."

तिचा आवाज शांत होता, पण तिने एकेक करून दोन्ही बूट काढून ठेवले होते.

त्रेचाळिसाव्या फेरीला व्हर्न पेट्रोल घ्यायला पिटमध्ये, म्हणजे रस्त्यालगतच्या थांब्याच्या गल्लीत, शिरला. त्याची थांबायची जागा रेषेच्या जरा अलीकडे होती. त्याचे ब्रेक तोवर मऊ पडले होते. गाडी जागा चुकवून पुढे सरकली आणि रेषा ओलांडून थांबली. पिटमधून रेषा ओलांडली तरी फेरी पुरी होते. मी वेळ लिहिली. त्याच्या माणसांनी आरडाओरडा करत गाडी मागे ढकलत नेली. पेट्रोल भरताना ते मागच्या काचेवर सांडलं, कुणीतरी बादलीभर पाणी फेकलं, आणि मी घड्याळ सोडून त्या काचेकडेच बघत राहिले. ठिणगी पडली तर? इतकं पेट्रोल, इतकी गरम धुराची नळी. पेट्रोल कोणत्या तापमानाला पेट घेतं हे मला पाठ होतं, आणि त्या घटकेला ते पाठ नसतं तर बरं झालं असतं. गाडी निघाली, रेषेवरून धडधडत गेली. मी सुटकेचा श्वास टाकला आणि लिहिलं.

पुढच्या दहाबारा फेऱ्या सगळेच पिटमध्ये ये-जा करत होते. कोण कुठे आहे हे कुणालाच सांगता येईना. मग मोजणीप्रमुख मिस्टर गँट यांनी तक्त्यांवरून फलक लावला. व्हर्न पहिला. हार्लन दुसरा, जवळजवळ एक फेरी मागे.

"दुसरा," ओपल म्हणाली. तिने फलक पुन्हा वाचला. "अगं, दुसरा आहे तो!"

शेवटपर्यंत तसंच राहिलं. हार्लनची निळी गाडी यायची, तिच्यामागून वीस सेकंदांनी व्हर्न यायचा. लोकांना वाटलं, व्हर्न त्याला गाठून एक अख्खी फेरी चढवणार. पण अंतर काही कमी होईना. माझा ऐंशीवा चौकोन भरला आणि व्हर्नवर शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा पडला. दीड मिनिटाने हार्लन आला. ओपलने शेवटचा आकडा लिहिला, पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"दुसरा नंबर," ती बोटांच्या आडून म्हणाली. "सोमवारी पाण्याचे मीटर वाचायला जाईन ना, तेव्हा कुत्रीसुद्धा विचारतील, बाई, आज अशी का चालतेस म्हणून." ती आमच्या गावच्या पाणीखात्यात होती. चौदाशे घरांचे मीटर महिन्यातून एकदा पायी फिरून वाचायची.

नियम असा होता की विजेत्याचा तक्ता निकाल कायम होईपर्यंत, म्हणजे अर्धा तास, जागेवरून हलवायचा नाही, आणि मोजणाऱ्या बाईनेही हलायचं नाही. बाकीच्या बायका धडाधड उतरून गेल्या. ओपल थांबली.

"तुम्ही जा ना. हार्लन वाट बघत असेल."

"बघू दे थोडी. पहिल्यांदा एकटं बसायला कसंतरी वाटतं. घे, तंगडी खा."

खाली व्हर्नच्या गळ्यात हार पडला. समोरच्या कुंपणापाशी हार्लन बूट काढून, नुसत्या मोज्यांवर, येईल त्या माणसाला मिठी मारत होता. "दुसरा!" त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. "बघितलंत का? दुसरा!"

मला काही काम नव्हतं. प्रयोगशाळेतल्या सवयीने मी आकड्यांच्या वजाबाक्या करायला लागले. प्रत्येक फेरीला किती वेळ लागला ते समासात लिहू लागले. एक बावन्न, एक त्रेपन्न, एक बावन्न. सुंदर, एकसारखे आकडे. मग त्रेचाळीसच्या पुढचा चौकोन आला.

मी वजाबाकी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा केली. मग कोंबडीची तंगडी डब्यात ठेवली.

"ओपल, हे जरा बघा."

"मी दुसरीच्या तक्त्यात बघत नाही."

"बघा हो, प्लीज."

"एकोणीस वर्षांत बघितलं नाही. वाचून दाखव."

"एक तास, वीस मिनिटं, छत्तीस सेकंद."

"पुढचं?"

"एक तास, एकवीस मिनिटं, एकवीस सेकंद."

चौदाशे मीटर वाचणाऱ्या बाईला कागद लागला नाही. "पंचेचाळीस सेकंद," ती म्हणाली. "टेकड्यांमागून इतक्यात यायचं तर विमान पाहिजे."

"गाडी मागे ढकलली होती. ती रेषेच्या अलीकडे गेली, आणि निघताना पुन्हा रेषेवरून गेली. मी दोनदा लिहिलं. एकच फेरी दोनदा." मी चव्वेचाळिसाव्या चौकोनावर पेन्सिल टेकवली. "व्हर्नच्या एकोणऐंशीच झाल्या. हार्लन मागे नव्हताच, वीस सेकंद पुढे होता. हार्लन जिंकलाय, ओपल."

खाली हार्लन आणखी कुणालातरी मिठी मारत होता. ओपलने आपल्या तक्त्यावर तळहात ठेवला होता, वाऱ्याने उडेल म्हणून ठेवतात तसा. वारा नव्हता.

"तू बोलली नाहीस तर कुणाला कळायचं नाही," शेवटी ती म्हणाली. "माहितेय ना तुला?"

"माहितेय."

"व्हर्न चिडेल."

"चिडेल."

"चिडेल आणि मग जेवेल. पुरुष तसेच असतात." तिने घड्याळाकडे पाहिलं. "अर्ध्या तासातली अकरा मिनिटं उरलीत. हात वर कर. मी नाही करणार. मी केला तर लोक म्हणतील, टॅकेटच्या बायकोने पोरीचा कान धरला."

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. मचाणाच्या टोकाला बसलेले मिस्टर गँट चष्मा सावरत आले. ते आठवडाभर जमिनींची मोजणी करत आणि रविवारी आमची. त्यांनी माझा तक्ता वाचला. मग ओपलचा वाचला, एकेक चौकोन, बोट ठेवून. ऐंशी चौकोनांत एकही खाडाखोड नव्हती.

"बाई," ते मला म्हणाले, "स्वतःच्या नवऱ्याचा पहिला नंबर काढून घेताय तुम्ही."

"तो त्याचा नव्हताच."

"चूक कशी झाली?"

"मला वाटलं तो जळेल."

त्यांनी माझ्या चव्वेचाळिसाव्या चौकोनावर आडवी रेघ मारली. तिच्याखाली मी सही केली. इतकी सरळ सही मी पुन्हा कधी केली नाही.

कर्ण्यावरून निकाल बदलल्याचं सांगितलं तेव्हा मी जिना उतरत होते. व्हर्न हारासकट माझ्याकडे बघत उभा होता. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मी पंचेचाळीस सेकंदांचं सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"म्हणजे मी या रस्त्यावरून पंचेचाळीस सेकंदांत गेलो, असं तू लिहून दिलंस?"

"हो."

"आणि ते काढून टाकलंस! अगं, राहू द्यायचं होतंस! शंभर वर्षं कुणी मोडलं नसतं!" तो हसायला लागला. ते हसू पूर्ण खरं नव्हतं, निम्मंच होतं, पण त्या निम्म्यावरच तो गर्दीतून वाट काढत हार्लनकडे गेला आणि आपला हार त्याने त्याच्या गळ्यात घातला.

हार्लन मागे सरकला. "नको रे. मी दुसरा आहे. मला आवडलंय ते."

"म्हाताऱ्या, मुकाट्याने घाल. माझ्या बायकोने वजाबाकी केलीय. तिच्यापुढे कुणाचं चालत नाही."

मग सगळं आवारच ओरडायला लागलं. गवतात गेलेले चौघे, जळके ब्रेकवाले, पेट्रोल सांडणारे, सगळे हार्लनला उचलायला धावले. कुणीतरी त्याच्या डोक्यावर थंड लेमोनेड ओतलं. तो हसत होता, रडत होता आणि मोज्यांवरच नाचत होता. मग एकाएकी थांबून त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"ओपल कुठाय?"

मी वर बोट केलं. आता विजेत्याचा तक्ता ओपलचा होता. अर्धा तास नव्याने सुरू झाला होता.

"ओपल!" तो मचाणाखाली जाऊन ओरडला. "उतर खाली! फोटो काढतायत!"

"निकाल कायम झाला नाही अजून," ती वरून म्हणाली. "तू काढून घे."

"तुझ्याशिवाय?"

"हार्लन, तक्ता आहे माझ्याकडे."

तो एकटाच गाडीकडे परतला. एकोणीस वर्षांच्या संसारात तक्त्यावरून वाद घालायचा नसतो हे तो शिकला असावा. फोटोवाल्याने त्याला गाडीपाशी उभं केलं, करंडक हातात दिला आणि "इकडे बघा" असं चारदा सांगितलं.

तो फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आला. माझ्याकडे त्याचं कात्रण आहे. गळ्यात हार, भिजलेले केस, पायांत मोजे, शेजारी व्हर्न दात काढून हसतोय. हार्लन मात्र कॅमेऱ्याकडे बघत नाही. त्याची मान वर आहे, डाव्या बाजूला, चौकटीच्या बाहेर. माझी मुलं विचारतात, हे आजोबा आकाशात काय बघतायत?