ताडावरून दिसलेलं विमान

विमान दुसऱ्यांदा उलटं झालं तेव्हा लक्ष्या ताडाच्या शेंड्यावर होता. कमरेचा दोर खोडाला आवळून तो ताडीचं मडकं सोडवत होता.

समुद्रकाठी कसलासा महोत्सव भरणार होता. त्यासाठी हे छोटं विमान कालपासून तलासरीच्या डोंगरांवर सराव करत होतं. पाड्यातली माणसं हातातलं काम सोडून बघत. लक्ष्याला ते नकोसं वाटे. आपण एवढ्या उंचावर असताना डोक्यावर कोणीतरी कोलांट्या मारतंय, या विचारानं त्याच्या तळव्यांना घाम सुटायचा. ताडावर ओले तळवे म्हणजे जिवाशी खेळ.

खाली, दोन शेतं ओलांडून माळावर, त्याची बायको शुक्री वाळलेलं गवत कापत होती. तिचं पिवळं लुगडं इथूनही दिसत होतं.

विमान सरळ वर चढलं, क्षणभर अडकल्यासारखं झालं आणि गरगरत खाली येऊ लागलं. मघाशीही ते असंच आलं होतं आणि अगदी खाली येऊन सावरलं होतं. लक्ष्या ते सावरायची वाट बघत राहिला. ते सावरलं नाही.

"शुक्री! पळ!"

एवढ्या लांब काय ऐकू जाणार? ती कपाळावर आडवा हात धरून वरच बघत होती. मग एक आवाज झाला, खोडातून त्याच्या छातीत शिरला. माळावर काळा धूर उठला आणि पिवळं लुगडं दिसेनासं झालं.

लक्ष्याला उडी मारावीशी वाटली. दोराची गाठ सुटेना. खाली बघायचं नाही, असं तो स्वतःला बजावत राहिला आणि तरी बघत राहिला. अर्ध्यावर पाय घसरला, छाती सोलवटली. शेवटी तो जमिनीवर आदळला. तसाच उठला, पळत सुटला.

माळावर तिचा विळा पडला होता, अर्धवट बांधलेला भारा पडला होता. ती नव्हती. पुढे विमान नाकावर रुतलं होतं आणि गवत पेटत चाललं होतं.

तेवढ्यात ओहोळाकडून शुक्री आली, आपला पाण्याचा हंडा भरून घेऊन, धापा टाकत. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती थेट विमानाकडे निघाली.

"कुठं चाललीस?"

"आत माणूस आहे. हाक मारतोय."

लक्ष्यानं तिला मागून कवेत धरलं. हंडा पडला. ती त्याच्या हाताला चावली, लाथा झाडू लागली.

"सोड! ऐक ना, हाक मारतोय तो!"

लक्ष्याला ऐकू आलं. की ते आगीचं तडतडणं होतं? आगीची धग तोंडावर येत होती. त्यानं पकड सोडली नाही. तिला फरफटत तो ओहोळात उतरला आणि मागं भडका उडाला. जळकं काहीतरी त्यांच्यावरून पलीकडे जाऊन पडलं. शुक्रीची धडपड थांबली.

पोलीस आले, मग साहेब लोक आले. वैमानिकाचं नाव जिग्नेश होतं आणि तो एकटाच होता. आदळताक्षणीच गेला असणार, असं एक साहेब म्हणाला. शुक्रीनं ते ऐकलं आणि ती तिथून उठून गेली.

त्या दिवसापासून लक्ष्या ताडावर चढला नाही. खोडाला हात लावायचा आणि मागं फिरायचा. शुक्रीला तर आकाशात कसलाही आवाज आला की झोपडीच्या आत जाऊन कुडाला पाठ लावून बसावं लागे. ती त्याच्याशी बोलेनाशी झाली होती.

मग एक दिवस जिग्नेशची बहीण भाविनी आली. जागा बघायची म्हणाली. माळावरच्या काळ्या डागाशी ती बराच वेळ उभी राहिली, मग शुक्रीकडे वळून तिनं गुजरातीत विचारलं, "तुम्ही इथंच होता ना? भाई काही बोलला का?"

लक्ष्यानं श्वास रोखला. शुक्रीनं काळ्या डागाकडे पाहिलं.

"नाही बेन," ती म्हणाली. "काहीच नाही. आदळलं तेव्हाच तो गेला."

भाविनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. शुक्री तिला थोपटत राहिली.

भाविनी गेल्यावर दोघं पाड्याकडे निघाले. वाटेत शुक्रीनं विचारलं, "तूसुद्धा ऐकलंस ना?"

"वाटलं तसं," लक्ष्या म्हणाला. "पण खात्री असती तरी तुला सोडलं नसतं."

जळलेल्या माळाच्या कडेनं जाताना तिनं त्याचा दंड घट्ट धरला, आणि पाडा येईपर्यंत सोडला नाही.