न वाजणारा खेळ

आप्पांनी सहाव्यांदा खेळाचं मागचं झाकण उघडलं. आत आवाज काढणारी पितळेची पातळ चकती जागेवर होती. तिला टेकणाऱ्या केसाएवढ्या दोन स्प्रिंगा जागेवर होत्या. शर्टाच्या बटणाएवढे दोन सेल तर कालच नवे घातलेले. सगळं जिथल्या तिथे होतं आणि खेळ वाजत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. अकराच्या एस.टी.ने हातखंब्याहून यमुनाबाई येणार होत्या.

रत्नागिरीच्या राम आळीतल्या दुकानाच्या पाटीवर 'चारुदत्त वॉच रिपेअरिंग' असं लिहिलेलं असलं, तरी चारुदत्त हे नाव फक्त पाटीपुरतं. आळीत ते आप्पाच. एकतीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला हा माणूस. त्यांनी उघडलेली वस्तू आली त्यापेक्षा वाईट होऊन परत गेली, असं एकदाही झालं नव्हतं. आता होणार होतं, आणि तेही घड्याळाच्या बाबतीत नव्हे, पोराटोरांच्या खेळण्याच्या बाबतीत.

गेल्या शनिवारी यमुनाबाईंनी ते रुमालात गुंडाळून आणलं होतं. चपट्या डबीएवढं, मध्ये चित्रं हलणारी काच, दोन बाजूंना दोन बटणं.

"डावं बटण रुतलंय बघा. माझ्या नातीचं हाय, राहीचं. माझ्या लेकानं, लवूनं आणलंन सिंगापूरहून. तो बोटीवर असतो ना."

"अहो यमुनाबाई, मी घड्याळवाला. खेळणी नाही दुरुस्त करत मी."

"त्यात घड्याळ पण हाय की. कोपऱ्यात बघा."

कोपऱ्यात खरंच आकडे लुकलुकत होते. आप्पांनी खेळ ठेवून घेतला.

"तेवढा आवाज सांभाळा हां," उठता उठता त्या म्हणाल्या. "आवाज गेला तर मग काय उपयोग नाय त्याचा."

पोराच्या खेळण्यात आवाजाचं एवढं काय, असं तेव्हा आप्पांना वाटलं. खेळाच्या पाठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, सहा ते साठ वयाच्या साऱ्या कुटुंबासाठी. आप्पांना सत्तावन्न पुरी झाली होती, म्हणजे ते अजून तीन वर्षं बसत होते. ते मनाशी हसले आणि कामाला लागले.

बटणाखाली घाम आणि खारी हवा मिळून चिकटा झाला होता. पुसला, बटण मोकळं झालं. मग चालतं की नाही बघायला हवं म्हणून त्यांनी खेळ सुरू केला. दोन माड, प्रत्येकावर एक वानर. ते नारळ टाकतात आणि खाली टोपीवाला माणूस टोपली घेऊन धावतो. नारळ टोपलीत पडला की एक गुण, तीन फुटले की खेळ संपला. आप्पांचे पहिल्या खेपेला अकरा झाले. अकरा हा आकडा त्यांना आवडला नाही. दुसऱ्या खेपेला चाळीस झाले. दुपारी त्यांनी दुकानाची फळी अर्धी ओढली, जी ते एकतीस वर्षांत फक्त ताप आल्यावर ओढत. चहा गार झाला. एका शिक्षकांचं मनगटी घड्याळ उद्यावर गेलं.

रोज एक वाजता त्यांची बायको कुसुम डबा घेऊन यायची. तिची चप्पल दारात दिसली की खेळ खणात जायचा.

"काय लपवताय?"

"काही नाही. टेस्टिंग चाललंय."

"टेस्टिंगला फळी ओढावी लागते वाटतं?"

बायकोसमोर, गिऱ्हाइकासमोर, शेजाऱ्यासमोर त्यांनी खेळ एकदाही बाहेर काढला नाही. सत्तावन्न वर्षांचा माणूस वानराचे नारळ झेलतो हे आळीत कळलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. मंगळवारी ते दोनशे ऐंशीवर पोचले आणि खूश होऊन मागे टेकले. तेव्हा त्यांना यमुनाबाईंचं बोलणं आठवलं. आवाज. एवढे दिवस खेळतोय, पण हा एकदाही वाजलेला नाही.

त्यांनी खेळ कानाशी धरला, पण आवाज नव्हता. आपल्याच हातून गेला. झाकण काढताना चकतीला धक्का लागला असेल. असली चकती रत्नागिरीत नाही, मुंबईतही मिळेलसं वाटत नाही, आणि आणणारा लवू कुठल्या समुद्रावर आहे कोण जाणे. दोन रात्री आप्पांना नीट झोप लागली नाही. एका पोरीच्या हातात आपण मुकं खेळणं देणार, आणि कारण काय, तर साफसफाई झाल्यावरसुद्धा आपल्याला खेळायची हाव सुटली. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी यमुनाबाई पायरी चढल्या. आप्पा उभे राहिले.

"बटण झालं. पण यमुनाबाई, आवाज गेला. माझ्याच हातून गेला. सगळं करून बघितलं."

यमुनाबाई बाकावर बसल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाभोवती गुंडाळलं.

"मग ऱ्हायलंच म्हणायचं."

"राहीला सांगा, मी मुंबईला चौकशी—"

"राही कुठली हो? ती गेली जूनात आईबरोबर, मुंबईस शाळेला. जाताना टाकून गेली. मीच खेळते. नातीचं म्हणून सांगितलं. म्हातारी खेळण्याशी खेळते म्हटलं तर लोक हसतील ना. सांजच्याला दुसरं काय करू?"

आप्पांना हसू आलं नाही.

"पण मग आवाज नसला तरी—"

"मोतीबिंदू हाय दोन्ही डोळ्यांत. वानर दिसतच नाय मला. डाव्या माडावरनं पडला तर बारीक वाजतं, उजव्यावरनं जाड. त्या अंदाजानं अंगठा दाबते." त्यांनी हात पुढे केला. "द्या. हाय तसं द्या."

आप्पांनी खेळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने बटण दाबलं, मान वर केली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांचा डावा अंगठा हलला. उजवा. पुन्हा डावा.

"वाजतंय की हो," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"हे काय. हे बारीक... हे जाड."

आप्पा गल्ल्यावरून ओणवे झाले. काचेत नारळ पडत होते आणि टोपीवाला प्रत्येक नारळाच्या आधी तिथे जाऊन उभा होता. यमुनाबाई काचेकडे बघतही नव्हत्या. आप्पांनी कान अगदी त्यांच्या हाताला लागेल इतका खाली नेला. काहीही ऐकू येईना. नुसतं अंगठ्याचं बटणावर दाबणं दिसत होतं.

मग त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. गेली दोन वर्षं ते गिऱ्हाइकांना सांगत होते की हल्लीची घड्याळं टिकटिक करतच नाहीत, कारखानेवाले माल हलका करतात. शिक्षकांच्या घड्याळाचंही त्यांनी तेच सांगितलं होतं. किती चालू घड्याळं आपण बंद समजून उघडली असतील? आणि किती अडखळणारी घड्याळं ठीक म्हणून बांधून दिली असतील?

यमुनाबाईंचा तिसरा नारळ फुटला असावा. त्या थांबल्या.

"किती झाले? मला आकडे दिसत नाहीत. राही गेल्यापासून कळलंच नाय कधी."

"चारशे बारा."

"खरं सांगताय?"

"चारशे बारा," आप्पांनी पुन्हा सांगितलं.

यमुनाबाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, मग त्यांनी आप्पांकडे रोखून बघितलं. दिसत होतं तेवढं.

"आणि तुमचे किती झाले?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "दोनशे ऐंशी."

"बरे झाले की, नुसत्या डोळ्यांनी," त्या मऊपणे म्हणाल्या. खेळ रुमालात गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकला आणि पायरी उतरल्या.

आप्पा रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. शिक्षकांचं घड्याळ टेबलावर होतं, त्याला हात लावायचं धैर्य होईना. किती वेळ गेला कोण जाणे. खांद्यावर हात पडला तेव्हा ते दचकले. मागच्या दाराने कुसुम डबा घेऊन आली होती.

"हाक मारलीस?"

"मारली."

"किती वेळा?"

कुसुमने डबा टेबलावर ठेवला. "जेवून घ्या आधी."

"कुसुम, किती दिवस झाले तुला पुन्हापुन्हा हाक मारावी लागते?"

ती टेबलाला वळसा घालून आली, त्यांच्या अगदी समोर उभी राहिली, तोंडावर उजेड पडेल अशी, आणि मगच तिने तोंड उघडलं. गेली दोन वर्षं ती असंच करत आली आहे, हे आप्पांना आत्ता दिसलं.

"मला सवय झालीय," ती म्हणाली आणि डब्याची झाकणं काढू लागली.