कानातली भोवरी

गोदामाच्या दारापासून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत रांग लागली होती आणि आत जो तो टाचा उंचावून पुढे बघत होता. जुन्या फर्निचरचं ते गोदाम. एका टोकाला फळ्यांचं व्यासपीठ, त्यावर मागे कलणारी एक खुर्ची, आणि खुर्चीशेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले स्थिरबाबा.

खुर्चीत बेकरीवाल्या बाई बसल्या होत्या. बाबांनी पडद्याआड हात घालून चांदीची झारी बाहेर काढली, बाईंची मान मागे टेकवली आणि उजव्या कानात पाण्याची बारीक धार सोडली.

"कुणी बोलू नका," बाबा पुटपुटले. "भोवरी जागी होतेय."

अर्धं मिनिट गेलं. मग बेकरीवाल्या बाईंनी खुर्चीचे हात गच्च धरले. "अगं बाई! फिरतंय! सगळं गोदाम फिरतंय!"

"डोळे बघा हिचे!" बाबा गरजले.

पुढच्या रांगेनं बघितलं आणि एकच ओरडा झाला. बाईंची बुबुळं एका बाजूला सरकत होती, झटका देऊन परत येत होती, पुन्हा सरकत होती. मुद्दाम करायचं म्हटलं तरी कुणाला जमणार नाही.

"भोवरी कानातून शिरते आणि डोळ्यांतून डोकावते!" बाबांनी दोन्ही हात वर केले. "विश्वाचं चक्र उजवीकडे फिरतं, हिचं डावीकडे. मग तोल जाणार नाही तर काय होणार? विज्ञानसुद्धा हेच सांगतं. फक्त हळू आवाजात सांगतं."

दोन मिनिटांनी बाईंचे डोळे थांबले. त्या घामाघूम होऊन उठल्या, जेमतेम उभ्या राहिल्या, आणि बाबांनी जाहीर केलं, "निघाली!" टाळ्यांनी गोदामाच्या छताचे पत्रे वाजले.

मी पाचव्या रांगेत होते. रंगाच्या दुकानात रंग मिसळून द्यायचं माझं काम. 'अगदी साधा पांढरा द्या' म्हणणारं गिऱ्हाईक अकरा पांढरे परत करतं हे रोज बघितल्यामुळे लोकांच्या छातीठोक बोलण्यावर माझा विश्वास पटकन बसत नाही. विश्वाचं चक्र वगैरे ऐकून मला हसूच येत होतं. पण ते डोळे? ते काही मला खोटे म्हणता येईनात.

आणि मी तिथे मजा बघायला गेले नव्हते. माझ्या शेजारी दादा होता, त्याच्या पलीकडे वहिनी, आणि आमचा नंबर पुढचा होता.

दादा रंगारी. छताचं काम त्याच्यासारखं कुणी करत नाही; मान मागे टाकून तासन्‌तास ब्रश चालवील, खाली एक थेंब पडणार नाही. महिन्याभरापूर्वी एका सकाळी तो अंथरुणात उजव्या कुशीवर वळला आणि खोली गरकन फिरली. त्यानं आधाराला हाताला लागेल ते धरलं. हाताला वहिनीची वेणी लागली. वहिनीच्या किंकाळीनं शेजारचे धावत आले, आणि दादा त्यांना ओरडून सांगत होता, "आधी पलंग धरा कुणीतरी!"

तेव्हापासून रोज तेच. उठताना चक्कर, वाकताना चक्कर, वर बघितलं की चक्कर. मिनिटभरात थांबायची, पण ते मिनिट वैऱ्यावर येऊ नये असं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चक्कर गेली नाही, दादाला झोप मात्र छान लागायची, बहुतेक जेवताना. कुणी म्हणालं अशक्तपणा, कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं चष्मा. दादा न सांगता शिडीपासून लांब राहू लागला. दारंखिडक्या रंगवायचा, त्याही खालच्या अर्ध्या. वरच्या अर्ध्याला उद्या हात लावतो म्हणायचा. मोठ्या वाचनालयाच्या छताचं काम त्याला मिळालं होतं, आणि ते हातचं जाईल या भीतीनं तो हसणंच विसरला होता.

"पुढचा!" बाबांचा मदतनीस ओरडला.

दादा खुर्चीत बसला. झारी आली, धार पडली, डोळे नाचले. दादाला इतकी जोरात चक्कर आली की पोटातलं सगळं बादलीत गेलं. "बघा, बघा, कशी बाहेर पडली!" बाबा बादलीकडे बोट दाखवून म्हणाले. मी बादलीत डोकावले. सकाळचा नाश्ता होता.

मग पथ्य सांगितलं. चाळीस दिवस बसूनच झोपायचं, वर बघायचं नाही, खाली वाकायचं नाही, मान उजवीकडे वळवायची नाही. "भोवरीला परतीची वाट दिसता कामा नये."

आणि गंमत बघा, दादाला खरंच बरं वाटलं. आठ दिवस एकदाही चक्कर नाही.

"आता बोला," वहिनी मला म्हणाली. "फार शहाण्या ना तुम्ही?"

मी दादाकडे बघितलं. दादा आरामखुर्चीत बसून झोपत होता, मान ताठ ठेवून अख्ख्या अंगानं वळत होता, कुणी उजवीकडून हाक मारली तर पूर्ण गोल फिरून डावीकडून बघत होता. पण चक्कर नव्हती.

नवव्या दिवशी वाचनालयातून निरोप आला, काम सुरू करा. दादा पथ्य विसरून खुशीत शिडी चढला. चौथ्या पायरीवर उभं राहून त्यानं छताकडे बघितलं, म्हणजे मान मागे टाकली. पुढचं त्यालाच आठवत नाही. वाचनालयाच्या ग्रंथपालबाई सांगतात, "ते शिडीला म्हणाले 'हलू नकोस', आणि खाली आले." नशीब म्हणून खाली पुस्तकं झाकायला आणलेल्या चादरींचा ढीग होता. हाडं शाबूत राहिली. पांढऱ्या रंगाची बादली मात्र त्याच्या अंगावर उलटली.

तशा अवतारात तो थेट आमच्या दुकानात आला. त्या वेळी मी एका बाईंना भिंतीसाठी फिकट हिरवे रंग दाखवत होते. केस पिकलेले, चष्मा दोरीला बांधलेला. दादाकडे त्यांनी नीट बघितलं.

"पडलात?"

"चक्कर आली," दादा म्हणाला. "बाबा रागावले असणार. मी वर बघितलं."

"कुशीवर वळताना येते का? मिनिटभरच? आणि स्थिर बसलं की काही नाही?"

दादानं तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघितलं. "हिला कुणी सांगितलं?"

"अहो जाहो कर रे," मी म्हटलं.

"मी कानाची डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या. "दवाखान्याच्या भिंतीला रंग बघायला आले होते. डोकं आपटलं का? हातापायांत मुंग्या, बोलताना जड, दोन-दोन दिसणं, असं काही?" दादानं सगळ्याला नाही म्हटल्यावर त्यांनी त्याची मान हलक्या हातानं तपासली आणि मग म्हणाल्या, "हे टेबल रिकामं करून द्याल?"

मी रंगांचे नमुने उचलले. डॉक्टरीणबाईंनी दादाला टेबलावर बसवलं, त्याचं तोंड उजवीकडे वळवलं आणि त्याला झटकन मागे निजवलं, डोकं कडेच्या जरासं खाली. चारपाच सेकंद काही नाही. मग दादाची बुबुळं गरगरा फिरू लागली.

"आली! भोवरी आली!"

"आली, आणि जाईलही. डोळे मिटू नका."

त्यांनी एक रिकामी काचेची बाटली मागितली, तिच्यात पाणी घातलं आणि चिमूटभर वाळू. "कानाच्या आत, अगदी खोल, पाण्यानं भरलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. डोकं कुठे वळलं ते त्या मेंदूला कळवतात. जवळच्याच कप्प्यात चुन्याचे बारीक कण असतात. ते सुटून चुकून नळीत गेले की हे असं होतं." त्यांनी बाटली आडवी केली, वाळू घरंगळत गेली. "डोकं थांबलं तरी कण घरंगळतच राहतात. कान मेंदूला सांगतो, आपण फिरतोय. डोळे सांगतात, नाही. या भांडणात माणूस आडवा."

मग त्यांनी दादाचं डोकं सावकाश डावीकडे वळवलं, थांबल्या, त्याला डाव्या कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे करायला लावलं, थांबल्या, आणि बसवलं. "नळीच्या वळणावळणानं कण परत कप्प्यात आणले. बस्स."

तेवढ्यात बातमी ऐकून वहिनी धापा टाकत आली. पांढरा नवरा टेबलावर, आणि एक अनोळखी बाई त्याचं मुंडकं पिरगाळतेय! "हे काय जादूटोणे चाललेत?" ती ओरडली. खरं सांगायचं तर बाबांच्या झारीपेक्षा हेच जास्त जादूटोण्यासारखं दिसत होतं.

पण दादा उठला. उजवीकडे बघितलं. वर बघितलं. पुन्हा वर बघितलं. आणि महिन्याभरानं पहिल्यांदा हसला.

मी डॉक्टरीणबाईंना झारीची हकीगत सांगितली, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे गेल्या आठवड्यात पू वाहणारे दोन कान आले ते यामुळे! पडद्याला भोक असलेल्या कानात पाणी ओतलंय त्या माणसानं. चला, कुठे आहे ते गोदाम?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं गोदामात गेलो. गर्दी तशीच होती. डॉक्टरीणबाई सरळ व्यासपीठावर चढल्या.

"बाबा, या मुलीच्या कानात तुमचंच पाणी घालते. चालेल?"

"जरूर," बाबा गोड हसले. "संशय हीसुद्धा एक भोवरीच."

बाईंनी आधी माझे कान बारीक दिव्यानं तपासले. मग झारीतल्या पाण्यात आणलेलं गरम पाणी थोडं थोडं मिसळलं आणि तापमापक बुडवून अंगाइतकं कोमट केलं. मला खुर्चीत कलवून धार सोडली. सगळे श्वास रोखून थांबले. एक मिनिट. दोन मिनिटं.

"काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"कान ओला झालाय," मी म्हटलं. "आणि बाबांच्या मदतनिसानं शर्टाची बटणं चुकीची लावलीत."

लोक हसले. बाबा हसले नाहीत. "गरम पाण्यानं मंत्राची शक्ती मेली!"

"मग थंडच घेऊ," डॉक्टरीणबाईंनी पडदा बाजूला ओढला. मागे बर्फानं भरलेली पेटी, आणि तिच्यात तोंडापर्यंत रुतवलेल्या आणखी तीन झाऱ्या. "बाबा, तुमच्या अंगात तर भोवरी नाही ना?"

"नाही!" गर्दीनंच उत्तर दिलं.

"मग तुमच्या कानात हे पाणी घातलं तर काहीच होणार नाही."

बाबा म्हणाले, ध्यानाची वेळ झाली. पण तेवढ्यात वहिनी पुढे झाली. अगदी मनापासून, हात जोडून म्हणाली, "बाबा, बसाच. एकदा या बाईंचं तोंड बंद करा."

"बसा, बाबा, बसा!" सगळे ओरडायला लागले. आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. "मनावर ताबा असला की पाणी काय करणार?" असं म्हणत बाबा बसले. बाईंनी त्यांचेही कान तपासले आणि बर्फातली झारी उचलली.

अर्धं मिनिट बाबा हसत होते.

"मला काहीही होत नाही," ते म्हणाले. त्यांची बुबुळं सरकली आणि झटक्यानं परत आली. "मी पूर्ण स्थिर आहे." बुबुळं नाचत होती. "विश्वाचं चक्र... धरा! अरे धर मला गाढवा!" आणि त्यांनी मदतनिसाच्या गळ्याला अशी मिठी मारली की दोघं खुर्चीसकट आडवे झाले.

"बादली आणा!" बेकरीवाल्या बाई ओरडल्या. बादली वेळेत पोचली.

"निघाली का हो?" मागून कुणीतरी विचारलं. पत्रे टाळ्यांनी वाजले नसतील इतके त्या हसण्यानं वाजले.

हसू ओसरल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "थंड पाण्यानं कानाच्या नळीची एक बाजू गार होते, आतलं पाणी वाहायला लागतं, आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. चांगल्या कानात घातलं तरी डोळे नाचणारच. आम्ही हीच तपासणी करतो, पण कान बघून, आणि सांगून. पाणी पुन्हा अंगाइतकं कोमट झालं की चक्कर आपोआप थांबते. तिला कुणी काढत नाही."

"पण मला आठ दिवस बरं होतं ना?" दादानं विचारलं.

"मान हलवायचीच नाही असं पथ्य पाळलंत. कण जागचे हललेच नाहीत. रोग होता तिथेच होता, आणि तुम्ही शिडीवर चढलात."

आम्ही घरी आलो. दारात पोचल्यावर वहिनी दादाला म्हणाली, "तुला काही झालं असतं तर? मीच पाठवलं होतं तुला तिथे." दादानं नुसता तिचा हात धरला.

आठवड्याभरात बाबा गाव सोडून गेले. लोक दवाखान्यात जाऊ लागले, आणि काही जण तिथे डॉक्टरीणबाईंना वाकून नमस्कार करू लागले. शेवटी बाईंनी फिकट हिरव्या भिंतीवर पाटी लावली: 'वाकू नका. चक्कर येईल.'

तीन महिन्यांनी दादाला पुन्हा चक्कर आली. वहिनी घाबरली नाही. येऊ शकते हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि आधी तपासून त्याला कोणत्या कानासाठी कसं वळायचं ते शिकवलंही होतं. त्यानं बाईंना फोन केला, पलंगावर तसाच वळला, तासाभर बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या छताचा शेवटचा हात मारून आला.

मला विचाराल तर फरक एवढाच आहे. बाबांनी झारी पडद्याआड ठेवली होती. बाईंनी बाटली सगळ्यांसमोर धरली. बाबा म्हणाले, फक्त मलाच जमतं. बाई म्हणाल्या, तुम्हीही शिका. कुणी तुम्हाला बरं करायला निघालं, तर त्याला विचारा: हे कसं होतं, समजावून सांगाल का? सांगितलं तर ऐका. रागावला तर उठा, आपला कान सांभाळा, आणि डॉक्टरकडे जा.